सुवार्ता नेली कोणी? पहिल्या तीन शतकांतल्या साध्या विश्वासणाऱ्यांबद्दल

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मंडळीच्या अभ्यासवर्गात चार पाठ घ्यायचे आहेत. पौलाच्या फेऱ्यांचे नकाशे हवे तेवढे मिळतात. ‘सामान्य विश्वासणाऱ्यांनीच सुवार्ता सगळीकडे नेली’ हे वाक्यही जिथं तिथं वाचायला मिळतं. पण त्यांनी ती कशी नेली, कुठे आणि कोणाशी बोलले, याला पुरावा काय, हे कुणी सांगत नाही. शिवाय त्यांचाही पौलासारखा नकाशा काढता येईल का, असं तुम्ही विचारलंय.

नकाशाकडे शेवटी येतो. आधी एक अडसर बाजूला करू. ‘सुवार्ताप्रसार’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे 1813 मध्ये मुंबईत अमेरिकन मिशनरी आले त्यानंतरचं चित्र उभं राहतं: बाजारात उभं राहून केलेला उपदेश, छापील पत्रकं, शाळा, दवाखाना, पगारी उपदेशक. हे चित्र घेऊन पहिली तीन शतकं धुंडाळली की हात रिकामेच राहतात. छपाई नव्हती, मिशनच्या शाळा-दवाखाने नव्हते, आणि भर चौकात बोलणं पुष्कळ ठिकाणी जिवावर बेतायचं. मग लोक म्हणतात, पुरावाच नाही. पुरावा आहे, पण तो दुकानाच्या गाळ्यात, वाड्याच्या स्वयंपाकघरात, जहाजावर आणि कोर्टातल्या जबान्यांत विखुरलेला आहे.

दुसरं असं की ‘आद्य मंडळी’ म्हणजे एकच एक गोष्ट असं धरून चालू नका. इ.स. 55 चं करिंथ आणि 200 चं कार्थेज यांच्यात साधारण ‘केसरी’ सुरू झाला तेव्हापासून आजपर्यंतचं अंतर आहे. शहर कोणतं, घरचा मालक कसा, त्या वर्षी प्रांताचा सुभेदार कोण, यावर सगळं बदलायचं. खाली लिहितोय ते बऱ्याच ठिकाणी लागू पडतं, सगळीकडे नाही. वर्गातही हे पहिल्याच दिवशी सांगून टाका.

सुरुवात प्रेषितांच्या कृत्यांतूनच करा, पण आपण सहसा घाईनं ओलांडतो त्या ओळींपासून. स्तेफनाच्या वधानंतर छळ उसळला आणि प्रेषितांखेरीज सगळ्यांची पांगापांग झाली, असं 8:1 सांगतं. पांगलेले लोक सुवार्ता सांगत फिरले, असं 8:4. म्हणजे ज्यांना ‘पाठवलेले’ म्हणायचं ते यरुशलेमेत राहिले आणि गेले ते बाकीचे. 11:19-20 मध्ये हेच लोक फेनिके, कुप्र (सायप्रस) आणि सिरियातल्या अंत्युखियापर्यंत पोचलेले दिसतात. आधी ते फक्त यहूद्यांशी बोलत. कुप्र आणि कुरेने इथले काही जण मात्र अंत्युखियात हेल्लेण्यांशी, म्हणजे यहूदी नसलेल्या ग्रीकांशीही बोलू लागले. केवढं मोठं वळण, आणि ते घेणाऱ्यांतल्या एकाचंही नाव लूक देत नाही. बर्णबाला यरुशलेमेहून धाडलं ते झालेलं बघायला, आणि शौलाला (म्हणजेच पौलाला) तार्सहून आणलं ते त्याहूनही नंतर.

रोमचंही तेच. पौलानं रोमकरांस पत्र लिहिलं 57 च्या सुमारास, आणि तोवर तो रोमला गेलेलाच नव्हता. त्या पत्राचा 16 वा अध्याय ‘नुसती नावं’ म्हणून सोडू नका. एक अख्खा पाठ त्यावर होतो. ज्यांना सलाम सांगितलाय त्यांत नऊ बायका आहेत. बहुधा पत्र घेऊन गेलेली किंख्रियाची फिबी धरली तर दहा. अंप्लियात, हर्मेस, पर्सिस ही नावं त्या काळी गुलामांत आणि सुटका झालेल्या गुलामांत सर्रास आढळायची. आणि 10-11 ही वचनं सावकाश वाचून घ्या: ‘अरिस्तबूलाच्या घरातले’, ‘नार्किसाच्या घरातले जे प्रभूमध्ये आहेत ते’. इथं मालकाला सलाम नाही. मालक विश्वासी नसावा, कदाचित हयातही नसावा, पण त्याच्या वाड्यातल्या नोकर-गुलामांत एक गट उभा राहिलाय. सुवार्ता त्या वाड्यात पुढच्या दारानं शिरलेली नाही.

आता कामाच्या जागेकडे. अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला हे जोडपं वर्गात सगळ्यात उपयोगी पडतं, कारण त्यांचा पत्ता पुन्हा पुन्हा सापडतो. अक्विल्ला मूळचा काळ्या समुद्राकाठच्या पंत प्रांताचा. क्लौद्यानं यहूद्यांना रोममधून घालवलं, 49 च्या सुमारास, तेव्हा दोघं करिंथला आली. तिथून इफिसला, मग पुन्हा रोमला. इफिसात आणि रोममध्ये मंडळी त्यांच्याच घरी जमायची. धंदा तंबू शिवण्याचा. हा धंदा काय होता ते वर्गात फोडून सांगा. आरी, सुया, चाकू ही हत्यारं एका पिशवीत मावतात, त्यामुळे शहर बदललं तरी दुकान थोड्या दिवसांत उभं राहतं. काम बसून करायचं आणि बिनआवाजाचं, त्यामुळे हात चालू ठेवून तासन्‌तास बोलता येतं. लोहाराच्या ऐरणीपाशी हे जमायचं नाही. दुरुस्तीला आलेलं गिऱ्हाईक काम होईपर्यंत बसून राहतं. करिंथच्या उत्खननात बाजारातले जे गाळे निघालेत ते साधारण तीन-चार मीटर लांबी-रुंदीचे आहेत. आठ-दहा माणसं बसली की गाळा भरला. ‘रात्रंदिवस कामधंदा करून आम्ही सुवार्ता सांगितली’ असं पौल थेस्सलनीकाकरांना लिहितो, ते याच मापानं वाचायचं. सुवार्तेसाठी दुकान बंद ठेवावं लागत नव्हतं.

याच जोडप्यानं अपुल्लोला शिकवलं. तो वक्ता, शास्त्रात पारंगत, सभास्थानात धडाडीनं बोलणारा. त्याचं जे अपुरं होतं ते त्यांनी चारचौघांत काढलं नाही, त्याला जवळ घेऊन समजावलं (कृत्ये 18:26). तंबू शिवणारी बाई आणि तिचा नवरा एका पंडिताला शिकवतात, याकडे वर्गातल्या बायकांचं लक्ष पुरुषांच्या आधी जातं.

बायबलबाहेरचा सगळ्यात चांगला साक्षीदार विरोधक आहे. सेल्सस नावाच्या ग्रीक तत्त्वज्ञानं 178 च्या सुमारास ख्रिस्ती लोकांवर झणझणीत टीका लिहिली. मूळ पुस्तक गेलं. ओरिजेन या ख्रिस्ती विद्वानानं 248 च्या सुमारास त्याला उत्तर लिहिताना सेल्ससची वाक्यंच्या वाक्यं उतरवून घेतली म्हणून ती टिकली. त्यात तो म्हणतो की घराघरांत लोकर विंचरणारे, जोडे शिवणारे, कपडे धुणारे अडाणी लोक दिसतात. मालक किंवा शिक्षक समोर असला की तोंड उघडत नाहीत. मुलं आणि बायका एकट्या सापडल्या की मात्र सुरू होतात, आणि ‘खरं ऐकायचं असेल तर लोकरवाल्याच्या, जोडेवाल्याच्या, धुणाऱ्याच्या दुकानात या’ असं सांगतात.

विरोधकाचं लिखाण वाचताना माझा नियम साधा आहे. स्वर सोडून द्यायचा. जागा, वेळ आणि धंदा एवढंच उचलायचं. ‘अडाणी’ ही शिवी आहे, ‘लोकरवाल्याचं दुकान’ ही माहिती आहे. शिवी रचता येते, पण वाचकाला ओळखीची नसलेली जागा घालून टीका करण्यात टीकाकाराला काही फायदा नसतो. मिनुशियस फेलिक्स या ख्रिस्ती लेखकाच्या लॅटिन संवादातलं विरोधी पात्रही हेच म्हणतं: ही माणसं चौकात मुकी आणि कोपऱ्यात बडबडी. दोन वेगळ्या भाषांतले दोन विरोधक एकाच सवयीची तक्रार करतात, तेव्हा ती सवय होती असं मानायला हरकत नाही.

आता हीच गोष्ट आतल्या बाजूनं. जस्टिन या ख्रिस्ती शिक्षकानं 155 च्या सुमारास सम्राटाला उद्देशून जो अर्ज लिहिला, त्याच्या 16 व्या प्रकरणात लोक कशानं बदलले याची तीन कारणं आहेत: शेजाऱ्याचं आयुष्य जवळून पाहिलं, प्रवासात फसवला गेलेला सोबती शांत राहिलेला पाहिला, किंवा त्यांच्याशी धंद्याचा व्यवहार करून पाहिला. शेजार, प्रवास, व्यवहार. भाषणाचं नाव नाही. जस्टिन स्वतः तत्त्वज्ञाचा झगा घालून शिकवणारा माणूस, तरीही.

आणि त्याच्याच खटल्यातली जबानी तर याहून बोलकी आहे. 165 च्या सुमारास रोमचा नगरप्रमुख रुस्तिकसपुढे जस्टिनबरोबर त्याचे काही साथीदार उभे केले होते. रुस्तिकसचा कयास सरळ होता: गुरू हा, चेले हे, म्हणजे यानंच यांना बिघडवलं. म्हणून तो विचारतो, जस्टिननं तुम्हाला ख्रिस्ती केलं का? पेओन म्हणतो, ही शिकवण आम्हाला आईबापांकडून मिळाली. सम्राटाचा गुलाम असलेला युएल्पिस्तस म्हणतो, जस्टिनचं मी आवडीनं ऐकलं, पण ख्रिस्ती व्हायला मी आईबापांकडूनच शिकलो. ते कुठे आहेत? कप्पदुकियात. प्रसिद्ध शिक्षकाच्या पायाशी बसलेल्यांनाही विश्वास दिला तो दूरच्या प्रांतातल्या कुठल्या तरी घरानं. या एका पानावर वर्ग अर्धा तास सहज बोलतो.

सरकारी कागद हवा असेल तर बिथुनिया-पंताचा सुभेदार धाकटा प्लिनी यानं 112 च्या सुमारास सम्राट त्राजानाला लिहिलेलं पत्र घ्या. तो कळवतो की सर्व वयांचे, सर्व थरांतले स्त्री-पुरुष यात आहेत, आणि ही लागण शहरांपुरती न राहता खेड्यापाड्यांत आणि शेतमळ्यांवरही पोचली आहे. देवळं ओस पडत चालली होती, बळीच्या मांसाला गिऱ्हाईक मिळेना. खरं काय ते काढायला त्यानं कोणाला पकडून छळलं? दोन गुलाम बायकांना, ज्यांना मंडळीत ‘सेविका’ म्हणत. या प्रांतात पौल गेल्याची कुठेच नोंद नाही. उलट त्याला बिथुनियात जाऊ दिलं गेलं नाही असं कृत्ये 16:7 सांगतं.

त्याच पत्रातला एक तपशील लोक नुसता वाचून सोडतात: ठरलेल्या दिवशी ते उजाडण्यापूर्वी जमत. का? रविवार तेव्हा कामाचा दिवस होता. कोन्स्तंतीनानं रविवारची सुटी जाहीर केली ती 321 मध्ये. गुलामाला आणि मजुराला स्वतःचा वेळ म्हणजे पहाट आणि रात्र. इफिसात पौल तुरन्नाच्या शाळेत दोन वर्षं शिकवत होता (कृत्ये 19:9-10), आणि काही हस्तलिखितांत वेळ दिलीय पाचव्या तासापासून दहाव्यापर्यंत, म्हणजे अंदाजे सकाळी 11 ते दुपारी 4. ही भर उन्हाची वेळ. काम थांबलेलं असायचं आणि शाळेचं दालन रिकामं असायचं. व्यापाराला इफिसात आलेली माणसं तिथं ऐकून आपापल्या गावी परतली, म्हणून ‘आसियात राहणाऱ्या सर्वांनी’ वचन ऐकलं (आसिया म्हणजे खंड नव्हे, आजच्या पश्चिम तुर्कस्तानातला रोमन प्रांत). कलस्सैला एपफ्रानं शिकवलं. तिथल्या लोकांनी पौलाचं तोंडही पाहिलेलं नव्हतं (कलस्सै 1:7, 2:1).

हे लोक बोलत काय होते? बहुतेकांना वाचता येत नव्हतं. साम्राज्यात साक्षर दहा-पंधरा टक्क्यांहून जास्त नसावेत असा अभ्यासकांचा अंदाज आहे. म्हणून जे नेलं ते तोंडी आणि आखूड. 1 करिंथ 15:3-5 मधली कबुली (मेला, पुरला, तिसऱ्या दिवशी उठवला, केफाला दिसला) पौल स्वतः ‘मला मिळालं ते तुम्हाला दिलं’ म्हणून सांगतो. एका दमात म्हणता येते. 1 थेस्सल 1:9-10 त्याहून आखूड: मूर्तींकडून जिवंत देवाकडे वळलात आणि त्याच्या पुत्राची वाट पाहता. लिखित मजकूर होता तिथं तो एखाद्याच्या ताब्यात असे. 180 साली कार्थेजमध्ये उत्तर आफ्रिकेतल्या सिल्लीच्या बारा ख्रिस्ती लोकांची चौकशी झाली तेव्हा स्पेरातसला विचारलं, तुझ्या पेटीत काय आहे? तो म्हणाला, पुस्तकं आणि पौल नावाच्या नीतिमान माणसाची पत्रं. बारा जणांत एक पेटी.

घरातल्या बायकोला तर बोलण्याचीही मुभा बेताचीच. 1 पेत्र 3:1 मध्ये नवऱ्याला ‘वचनावाचून’ आचरणानं मिळवून घ्यावं असं आहे. त्याच अध्यायात 15 वं वचन: तुमच्या आशेचं कारण कोणी विचारलं तर उत्तर द्यायला सिद्ध असा. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. आधी कोणीतरी विचारतं, मग उत्तर.

आता ज्या भागाकडे सगळ्यात कमी लक्ष जातं त्याकडे. बोलणारा एकटा नव्हता, त्याच्यामागे एक चोख व्यवस्था होती. ती नसती तर हे सगळं पाच-दहा वर्षांत विरून गेलं असतं.

पहिली कडी, पाहुणचार. ‘दिदाखे’ ही जुनी नियमावली 1873 मध्ये कॉन्स्टँटिनोपलमध्ये एका हस्तलिखितात सापडली. तिची 11 ते 13 ही प्रकरणं वाचताना गावाकडच्या एखाद्या हुशार आजीचा आवाज ऐकू येतो. फिरता उपदेशक आला तर एक दिवस ठेवून घ्या, गरज असेल तर दुसरा. तिसरा दिवस राहिला तर तो खोटा. निघताना पुढच्या मुक्कामापुरती भाकरी द्या. पैसे मागितले तर खोटा. साधा प्रवासी असेल तर दोन-तीन दिवस. राहायचंच असेल आणि हातात कला असेल तर त्यानं काम करावं आणि खावं. कला नसेल तर आपल्या अकलेनं सोय बघा, पण कोणी आळशी राहू नये. ते मान्य नसेल तर तो ख्रिस्ताच्या नावाचा धंदा करणारा समजा. एवढे काटेकोर नियम कशाला? फसवणारे येत होते म्हणूनच. लुसियन या ग्रीक लेखकानं पेरेग्रिनस नावाच्या भोंदूची टर उडवताना दाखवलंय की तुरुंगातल्या अशा माणसासाठी ख्रिस्ती विधवा आणि अनाथ मुलं पहाटेपासून तुरुंगाबाहेर बसून असायची.

दुसरी कडी, ओळखपत्र. इजिप्तमध्ये ऑक्सिरिंखसला सापडलेल्या तिसऱ्या शतकाच्या पपायरसांत मंडळीचा प्रमुख सोटास याच्या नावाशी जोडलेली शिफारसपत्रं आहेत. ‘अमुक बंधूंना शांतीनं स्वीकारा’ एवढं लिहून भागत नाही, शिकणाऱ्याची इयत्ताही दिलेली असते: एक जण उत्पत्तीच्या पुस्तकात आहे, एक शुभवर्तमानाच्या आरंभाला. म्हणजे गाव बदललं तरी शिक्षण तुटू नये.

तिसरी कडी, प्रवेश. हिप्पोलिताच्या नावावर असलेली जी नियमावली सहसा तिसऱ्या शतकातली मानतात (तिचे काही भाग नंतरचे असावेत), तिच्यात पायऱ्या स्पष्ट आहेत. नवा माणूस ज्यानं आणला त्यालाच आधी साक्ष द्यावी लागते की हा वचन ऐकण्याजोगा आहे. गुलाम असेल आणि मालक विश्वासी असेल तर मालकाची परवानगी. मालक अन्यधर्मी असेल तर मालकाला संतुष्ट ठेवायला त्या गुलामाला शिकवायचं, म्हणजे मंडळीवर आळ येणार नाही. मग धंद्याची चौकशी: कुंटणखाना चालवणारा, ग्लॅडिएटर, मूर्ती घडवणारा यांना धंदा सोडावा लागे. मुलांना शिकवणाऱ्यानं सोडलेलं बरं, पण दुसरी कला नसेल तर चालेल. मग तीन वर्षं ऐकायचं. कोणी मन लावून करत असेल तर काळ मोजायचा नाही, वागणूक पाहायची. बाप्तिस्म्याआधी पुन्हा तोच आणणारा साक्षीला: यानं विधवांचा मान राखला का, आजाऱ्यांना भेटला का?

यातून काय निघतं बघा. उपासनेत उपऱ्याला थेट प्रवेश नाही. पौलाच्या काळात बाहेरचा माणूस सभेत येऊ शकत होता (1 करिंथ 14:23), पुढे ते दार बंद झालं. प्रभुभोजनाच्या वेळी शिकाऊ लोकही बाहेर. मग मंडळी वाढली ती सभेच्या आकर्षणानं नाही. जो माणूस हाताला धरून आणे आणि तीन वर्षं जबाबदारी घेई, त्याच्यामुळे वाढली. दुरा-युरोपस इथं, फरात नदीकाठी, मंडळीसाठी बदललेलं एक घर उत्खननात सापडलंय. दोन खोल्यांमधली भिंत पाडून केलेली सभेची खोली सुमारे 13 मीटर लांब, 5 मीटर रुंद. साठ-सत्तर माणसं दाटीवाटीनं. 256 च्या वेढ्याच्या वेळी ते घर तटबंदीच्या भरावाखाली गेलं म्हणूनच भिंतींवरची चित्रं टिकली.

एवढ्या सावकाश गतीनं रोमन साम्राज्य कसं पालटलं, असा प्रश्न वर्गात येणारच. त्यासाठी समाजशास्त्रज्ञ रॉडनी स्टार्क यांचं गणित फळ्यावर मांडा. इ.स. 40 मध्ये 1,000 धरा, दर दहा वर्षांत 40 टक्के वाढ धरा. 100 साली साडेसात हजार, 200 साली सुमारे 2 लाख 18 हजार, 300 साली 63 लाख. सुरुवातीचा आकडा आणि वेग दोन्ही गृहीत आहेत, हे ठळक सांगा. तरी उपयोग एवढाच की दर वर्षाचा वेग जेमतेम 3.4 टक्के पडतो. म्हणजे तीस जणांच्या गटात वर्षाला एक माणूस वाढला तरी पुरे. त्यात जन्मही आले आणि गळती वजा. तीन हजारांच्या सभा दरवर्षी लागत नाहीत.

गळतीबद्दल आपली माणसं बोलत नाहीत, म्हणून मी मुद्दाम बोलतो. प्लिनीपुढे आलेल्यांत काहींनी सांगितलं की आम्ही कधीच सोडलंय, एखाद्यानं तर वीस वर्षांपूर्वी. 250 च्या सुमारास देक्यस सम्राटानं सगळ्यांनी बळी अर्पून दाखला घ्यावा असा हुकूम काढला, तेव्हा कार्थेजमध्ये झुंबड उडाल्याचं तिथला बिशप कुप्रियान रडत लिहितो. बळी दिल्याचे असे दाखले इजिप्तच्या वाळूत आजही सापडतात. घराघरांतून गेलेल्या सुवार्तेची किंमतही घरातच मोजावी लागे. जस्टिननं नोंदवलेल्या एका प्रकरणात रोममधल्या एका बाईनं विश्वास धरला, बदफैली नवऱ्याशी काडीमोड घेतला, तर नवऱ्यानं तिच्यावर आणि तिचा शिक्षक तोलेमय याच्यावर फिर्याद केली. तोलेमय मारला गेला. 177 मध्ये गॉलमधल्या (आजच्या फ्रान्समधल्या) लियोंला ख्रिस्ती घरांतल्या विश्वासी नसलेल्या गुलामांनी छळाच्या भीतीनं मालकांवर नरमांस खाल्ल्याचा आळ घेतला. त्याच छळात सगळ्यात जास्त टिकली ती मात्र ब्लांदिना नावाची गुलाम बाई. ज्या दारानं बातमी आत गेली, त्याच दारानं चुगलीही बाहेर आली. तिथल्या बळींत फ्रुगियाचा वैद्य अलेक्सांद्र आणि पर्गमचा अत्तालस होते, आणि गॉलमधल्या मंडळीनं ही हकीकत ग्रीकमध्ये लिहून पाठवली ती आसिया आणि फ्रुगियाच्या मंडळ्यांना. व्यापाराचा रस्ता यातून आपसूक दिसतो.

साथीच्या काळातल्या सेवेवर (अलेक्झांड्रियाच्या दियोनिसियसचं पत्र) भर द्यायचा मोह होतो. द्या, पण ते आपल्याच माणसाचं आपल्याच माणसांबद्दलचं कौतुक आहे, हे सांगून द्या.

आपल्या किनाऱ्याबद्दल कोणीतरी विचारेलच. मंडळीचा जुना इतिहासकार युसेबियस लिहितो की अलेक्झांड्रियाचा शिक्षक पंतेनस ‘इंडिया’त गेला तेव्हा तिथं आधीच विश्वासणारे होते. त्या काळी ‘इंडिया’ शब्दात दक्षिण अरबस्तानही बसायचा, तेव्हा यावर इमला चढवू नका. सहाव्या शतकात कॉस्मस या प्रवासी व्यापाऱ्यानं ‘कल्लियाना’ इथं ख्रिस्ती लोक आणि पर्शियाहून नेमलेला बिशप असल्याचं लिहिलंय. ते आपलं कल्याण, असं बरेच अभ्यासक मानतात. यात मिशनरी दिसत नाही. नैऋत्येच्या वाऱ्यावर येऊन ईशान्येच्या वाऱ्याची वाट पाहत महिनोन्‌महिने बंदरात थांबणारे व्यापारी दिसतात. एवढं सांगून पुढे जा.

चार पाठांची वाटणी मी अशी करेन. पहिला रोमकरांस 16, दुसरा सेल्सस आणि जस्टिन समोरासमोर, तिसरा प्लिनी, चौथा दिदाखे आणि प्रवेशाचे नियम. प्रत्येक पाठाला एकच पान छापून द्या, त्याहून जास्त दिलं तर लोक वाचत बसतात, बोलत नाहीत. प्रत्येक पानाला तेच चार प्रश्न विचारा: बोलणारा कोण, जागा कोणती, वेळ कोणती, त्याला धोका कोणाकडून. उत्तरं फळ्यावर चार रकान्यांत लिहीत गेलात की तिसऱ्या पाठापर्यंत ‘मागचं दार’, ‘पहाट’, ‘मालक’ हे शब्द पुन्हा पुन्हा आलेले दिसतील. ‘मग आपणही असंच करावं का’ हा प्रश्न पहिल्याच दिवशी उठतो. तो चौथ्या पाठापर्यंत फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवा. आधी घेतला तर उरलेले तीन पाठ त्यातच जातात.

आणि नकाशा. पौलासारखे बाण काढता येणार नाहीत, कारण कोण कुठून कधी निघालं हे माहीत नाही. टिंबं मात्र काढता येतात. कोरा नकाशा घ्या आणि जिथं ज्ञात प्रेषित पोचण्याआधीच विश्वासणारे सापडतात, किंवा जिथं मंडळी सुरू करणाऱ्याचं नाव नाही, तिथं लाल टिंब द्या. दिमिष्क म्हणजे दमास्कस (शौल पोचण्याआधी तिथं हनन्या आहे), अंत्युखिया, सोर आणि प्तलमैस (कृत्ये 21:3-7), सीदोन (27:3), इटलीतलं पुत्युला (28:14, जहाजातून उतरल्याबरोबर बंधू भेटतात), रोम. मग दुसऱ्या शतकासाठी वेगळा रंग: बिथुनिया-पंताचा किनारा, लियों, कार्थेज. आता त्यावर पारदर्शक कागद ठेवून रोमन रस्ते आणि जहाजांचे मार्ग काढा. दिमिष्क सोडलं तर पहिल्या रंगातलं प्रत्येक टिंब बंदर आहे किंवा बंदरापासून एक-दोन दिवसांच्या चालीवर आहे. दिमिष्कातून काफिल्यांचा रस्ता जातो.